आठ रविवारांचा जपान

बाबांना विसरायला व्हायला लागलंय, हे आईने फोनवर सांगितलं तेव्हा मी परदेशात, ब्योब्लिंगेनमध्ये, मोटारींच्या ब्रेकच्या चाचण्या घेत होतो. बाबा निवृत्त भूगोल शिक्षक. कुठल्याही मुलखाचं नाव ऐकलं की त्याचा अर्थ कळेपर्यंत त्यांना चैन पडायची नाही. कॅन्टीनमध्ये माझ्यासोबत एक जपानी सहकारी जेवायचा, तिकडच्या क्यूशू विभागातला. मी ठरवलं, त्याला जपानच्या एकेका विभागाच्या नावाचा अर्थ विचारायचा आणि रविवारी बाबांना सांगायचा. डोकं चालू राहील त्यांचं.

क्यूशू म्हणजे नऊ प्रांत.

"आता आहेत का रे नऊ?" बाबांनी लगेच विचारलं.

नव्हते. आता जिल्हे सातच. पुढच्या रविवारी कान्तो, म्हणजे घाटातल्या जुन्या नाक्याच्या पूर्वेचा मुलूख; त्यापुढच्या रविवारी कान्साई, पश्चिमेचा.

"म्हणजे आपले घाटावरचे नि घाटाखालचे! माणसं सगळीकडे सारखीच." बाबा खळखळून हसले आणि मी मूर्खासारखा हुरळून गेलो.

आठ विभाग आठ रविवारांत संपले. नवव्या रविवारी मी पुन्हा क्यूशू सांगितलं. "आता आहेत का रे नऊ?" त्यांनी तितक्याच उत्सुकतेने विचारलं. मी पुन्हा तेच उत्तर दिलं.

आई मागून म्हणायची, "अरे, घरचं बोल की काहीतरी. नातीचं सांग." मी टाळायचो. घरचं काढलं आणि त्यांना आठवलं नाही तर? जपानबद्दल विसरले तर कुणाचं काय बिघडत होतं! वर्षभर मी जपानच सांगत राहिलो. त्याला मी उपचार म्हणायचो. निव्वळ भेकडपणा होता तो.

मग एका रविवारी मी होक्काइदो सांगत होतो. उत्तरेकडचा सागरी मुलूख. हे नाव सरकारने मागाहून दिलेलं, मूळच्या लोकांचं नाव वेगळंच होतं. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग शाळा तपासायला आलेल्या साहेबांशी बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "फार छान समजावता हो तुम्ही. दर आठवड्याला न चुकता फोन करता. वडील आहेत ना तुमचे?"

"आहेत," मी म्हणालो.

"मग त्यांनाही करत जा अधूनमधून. वाट बघत असतील."