मंडपाचे नकाशे

निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण हॅनोव्हरच्या ठाण्यातली ती मंगळवारची सकाळ काही डोक्यातून जात नाही. मी लहानपणी आईवडिलांबरोबर जर्मनीत आलो आणि इथल्याच पोलिसांत भरती झालो. संगणक गुन्ह्यांच्या विभागात मराठी बोलणारा मी एकटाच.

खबर एका इंजिनिअरिंग कंपनीकडून आली. त्यांच्या बाजारात न आलेल्या गिअरबॉक्सचे नकाशे चक्क एका मराठी मंडळाच्या वेबसाइटवर, गणपतीच्या फोटोंच्या मधोमध पडले होते. आम्ही सर्व्हरच्या नोंदी मागवल्या. फायली चढवायचं फुकट मिळणारं एक सॉफ्टवेअर वापरून कुणीतरी शनिवारी दुपारी ते टाकले होते. इंटरनेटचं कनेक्शन निघालं मंडळाच्या सचिवाच्या घरचं, आणि हा सचिव त्याच कंपनीत इंजिनिअर! माझा सहकारी खूश. "आल्झो," म्हणजे आपलं 'चला तर', "झाली केस," म्हणाला.

पस्तिशीचा तो माणूस समोर बसला. गप्प राहू शकता, वकील बोलावू शकता, हे नियमाप्रमाणे सांगितलं. त्याने ऐकूनही घेतलं नाही. "मीच टाकले. का, ते विचारू नका. कुठे सही करू?"

कारण सांगत नाही म्हणजे मुद्दाम केलं, असाच अर्थ निघणार होता. मग नोकरी जाणार, पाठोपाठ राहण्याचा परवाना, वर खटला. आणि हा बाबा सहीसाठी पेन मागतोय! मला संतापच आला.

"आधी करून दाखवा," मी म्हणालो आणि तेच सॉफ्टवेअर असलेला लॅपटॉप पुढे सरकवला. डावीकडे आपल्या संगणकातल्या फायली, उजवीकडे वेबसाइटच्या. त्याने डावीकडच्या सगळ्या एकदम निवडल्या, उजवीकडे ओढल्या, पाच सेकंदांत मोकळा. मी नोंदींचा कागद पाहिला. शनिवारी प्रत्येक फाईल वेगळी चढली होती, दोन-दोन मिनिटांनी. एक फोटो तर तीनदा. मध्ये तासभर काहीच नाही. हे काम याच्या हातचं नव्हतं.

सहकाऱ्याला सांगून, तशी नोंद करून मी मराठीत सुरू केलं. "घरी कोण आलंय?"

त्याने लॅपटॉप माझ्याकडे परत सरकवला.

"अहो, दुपारी जेवून तासभर आडवं होणारं माणूस आहे ते. कोण?"

"सासरे," तो कसाबसा म्हणाला. "साहेब, परवा त्यांचं विमान आहे. बहात्तर वर्षांचे आहेत, कधी पोलीस ठाण्याची पायरी चढले नाहीत. त्यांना यात ओढू नका."

"आणि तुमची नोकरी?"

"बायकोला काय सांगू? तुझ्या वडिलांना पोलिसांच्या ताब्यात दिलं म्हणून?"

शेवटी मीच त्याच्या घरी फोन केला. तासाभरात सासरे आले, मुलीबरोबर, इस्त्रीचा शर्ट घालून. हातात वही, तिच्यात एकेक पायरी सुवाच्य अक्षरात लिहिलेली. जावयांना मंडळाच्या कामाला वेळ मिळत नाही, तेवढीच मदत म्हणून ते व्हिडिओ पाहून शिकले होते. शनिवारी जावयाने कंपनीचा लॅपटॉप उघडाच ठेवला होता आणि फोटोही कामाच्याच फोल्डरमध्ये. "त्यात कसलेसे नकाशे होते," ते म्हणाले. "मला वाटलं, मंडपाचे असतील. तेही टाकले. सगळं नीट गेलं ना?"

 मुलीने त्यांना सगळं सांगितलं. म्हाताऱ्याने वही मिटली. मग जावयाकडे वळून तो म्हणाला, "जावईबापू, मला विचारायचं तरी होतं!" आणि मुलीला, "विमान पुढे ढकल. यांचं निस्तरल्याशिवाय मी जात नाही."

ते तीन आठवडे थांबले. सरकारी वकिलांनी प्रकरण बंद केलं. लॅपटॉप उघडा ठेवल्याबद्दल कंपनीने जावयाला लेखी ताकीद दिली, पण नोकरी वाचली.

नाकारणाऱ्याला कसं तपासायचं, हे आम्हाला शिकवलेलं असतं. कबूल करणाऱ्यालाही तितकंच तपासावं लागतं, हे मी त्या दिवशी शिकलो. तेव्हा सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. पण त्याने सहीचं विचारलं, तेव्हा पेन काढायला माझा हात खिशाकडे गेला होता, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.