बायकांच्या टोपलीतला बर्फ

मी आणि माझ्या बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते बोंबील वाळत टांगायचं. ती दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून द्यायची, मी जोडी दांडीवर टाकायचो.

"अवो, दुपारच्या मीटिंगला मी पन येनार हाय," ती म्हणाली.

"ये गो. कोन अडवतोय बगतो."

मीटिंग आमच्या मच्छीमार सोसायटीची, पनवेलच्या खाडीकाठी. बर्फखाना सोसायटीचा. बर्फ आधी होड्यांना, उरला तर बाजारात मासळी विकणाऱ्या बायकांना. त्यांची मासळी टोपलीतच सडायची. बायकांना बर्फ द्या, हा ठराव दरवर्षी पडायचा, कारण मत हात वर करून. कोणाचा हात वर गेला ते चेअरमन बघून ठेवायचा. दुसऱ्या दिवसापासून हात वर करणाऱ्याच्या होडीला बर्फ बंद.

मी पूर्वी कुवेतला होतो, तिथल्या अशाच एका सोसायटीच्या दुकानात गोणी उचलल्या. तिथं त्या वस्तीतले लोक सभासद, नफा त्यांचा. आम्ही परदेशी हमाल, आमची फक्त पाठ. पण निवडणुकीला ते चिठ्ठी टाकायचे. कोणाचं मत कोणाला, कुत्र्यालाही कळत नसे. इथं मी सभासद, आणि हात वर करायची भीती. हे मी तिला कितींदा सांगितलं होतं.

मीटिंगमध्ये ती मागून उठली. "हात नको. चिठ्ठ्या टाका."

"आली कुवेतची शेठानी!" चेअरमनचा पुतण्या ओरडला. लोक हसले.

"हास रे. माज्या टोपलीला बर्फ नाय, तुज्या बियरला बरा मिलतो!"

आता लोक त्याला हसले. त्यानं लोखंडी खुर्ची उचलून फेकली. तिच्या कानशिलावर बसली. ती पडली ती उठलीच नाही. त्याच खुर्चीनं मी त्याचे दात पाडले. माझं डोकं कोणी फोडलं, माहीत नाही. चपला, खुर्च्या, रक्त, आणि माईकवर चेअरमन ओरडतोय, "ठराव नामंजूर!"

दवाखान्यात नेताना रिक्षात ती माझ्या मांडीवरच गेली. तिच्या हाताला अजून बोंबलाचा वास होता. पुतण्याला पोलिसांनी नेलं.

दुसऱ्या सकाळी ती दवाखान्यात पडली होती, चिरफाड व्हायची बाकी. मी तिची टोपली उचलली आणि बर्फखान्यात गेलो. होडीवाले लाईनीत उभे होते. मी पुढं घुसलो, बर्फाची लादी फोडायचा टोचा उचलला.

"म्हाताऱ्या, लाईनीत," चेअरमन म्हणाला.

मी टोचा त्याच्या छातीवर टेकवला. तो बाजूला झाला. लादी फोडली, तिची टोपली भरली. मागं भिंतीला टेकून मासळीवाल्या बायका रिकाम्या टोपल्या घेऊन उभ्या होत्या.

"या गो पुढं," मी म्हटलं.

होडीवाला एकही त्यांना अडवायला आला नाही. मी दुसऱ्या लादीत टोचा घातला.