नाल्याकाठचे आमचे रविवार

चार वर्षांत किती झाडं जगवली, असं कुणी विचारलं की मी विषय बदलतो. म्हणतो, किस्से विचारा. ते पाणी न घालताही वाढतात!

पुंडलिकनगरात आमचा सात जणांचा ग्रुप आहे. पुढारी प्राची, बॉटनीत एमएस्सी. मी कंपनीत सहा दिवस शिफ्ट करून सातव्या दिवशी खड्डे खणणारा. सुरुवातीला शहर हिरवं करणार होतो. आता रविवारी अलार्म वाजला की आधी कंबर आठवते.

*

पहिल्याच वर्षी एका रोपाची लोखंडी जाळी चोरीला गेली. शोधत शोधत मागच्या गल्लीत पोचलो, तर एका मावशींच्या अंगणात जाळी आडवी आणि आत कोंबडी!

मावशी म्हणाल्या, "व्हय, तुमचीच हाय. पण अंड्यावर बसलीय. एकवीस दिवस थांबा."

थांबलो. तोवर रोप शेळीनं खाल्लं. बाविसाव्या दिवशी प्राची जाळी आणायला गेली.

"आता पिल्लं हायत. जाळी नेली तर मांजर सोडंल का त्यांना?" मावशी म्हणाल्या. "अन् तुम्ही तर पर्यावरणवाले ना?"

प्राची हात हलवत परत आली.

*

आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही. त्यामुळं झाडासाठी बादलीभर पाणी मागायला गेलो की लोक आमच्याकडं उधार मागायला आल्यासारखं बघतात. एका काकूंनी तर दारातच सांगितलं, "आधी मला प्यायला आणून दे, मग झाडाला देते."

रस्त्याकडेला आम्ही लावलेल्या रांगेतला एकच कडुलिंब जगला, इक्बालचाचांच्या पंक्चरच्या दुकानासमोरचा. प्राचीनं त्याची उंची मोजली, पानं तपासली, मातीचा नमुना घेतला. शेवटी चाचांनाच विचारलं, "चाचा, खत कोणतं घातलंत?"

"कायका खत? टायरके टब का काला पानी डालता मैं, दुकान बंद करते वखत."

प्राचीनं वही मिटली.

*

ओला कचरा, सुका कचरा समजावत आम्ही दोन महिने जिने चढलो. मनापासून ऐकलं एकाच माणसानं, तिसऱ्या मजल्यावरच्या रिटायर्ड हेडमास्तरांनी. दोन डबे, दोन रंग, वर सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या!

एका सकाळी सरांनी मला खाली बोलावलं. घंटागाडीवाल्यानं त्यांच्यासमोरच दोन्ही डबे एकाच कप्प्यात उपडे केले.

मी मान खाली घातली. म्हटलं, "सर, सोडून द्या आता."

"कसं सोडू?" सर म्हणाले. "वेगळं केल्याशिवाय मला जेवण जात नाही आता. हे तुम्ही केलंत."

*

आणि हा सुमेधचा.

सुमेध इंजिनिअर, आमच्यात सगळ्यात कमी बोलणारा. कॉलनीमागच्या नाल्यात प्लास्टिक तुंबलं की पँट गुडघ्यापर्यंत दुमडून न सांगता उतरायचा. आम्ही काठावर पोती धरायचो. त्याला जमतं, एवढंच आमच्या डोक्यात. एकदा मी त्याचा गाळातला फोटो टाकला. खूप लाइक्स आले.

पुढच्या रविवारी त्याची आई बिडकीनहून पहिल्या एसटीनं आली आणि पिशवी घेऊन थेट नाल्यावर. सुमेध खाली, आम्ही सहा जण वर.

"वर ये," ती म्हणाली. तो आला.

"माझ्या बापानं धर्मांतर केल्यावर गावाची मेलेली ढोरं ओढायची सोडली. लई मार खाल्ला त्यापायी. म्हणून मी शाळेत गेले. अन् तू इंजिनेर होऊन परत घाणीत?"

"आई, ते वेगळं होतं. हे पर्यावरणाचं काम हाय. समद्यांचं हाय."

"समद्यांचं हाय ना? मग फोटोत तू एकटाच का?"

प्राचीनं हातातलं पोतं खाली ठेवलं.

आईनं पिशवीतून रबरी बुटांचे दोन जोड काढले. एक सुमेधच्या पायाशी ठेवला. दुसरा आमच्यासमोर, मधोमध.

"ह्यो जोड कुणाच्या तरी पायात गेल्याबिगर माझा पोरगा खाली उतरायचा नाय," ती म्हणाली आणि काठावरच्या दगडावर बसली.

ते बूट मला एक नंबर लहान होते. मी घातले.