अप्पांच्या गादीवरून गेलेला रस्ता

दिवाळीची गर्दी झाली की नव्या पेठेतला आमचा रस्ता गाड्यांना बंद करतात. चौकात दोरी बांधली की पाहुण्यांचे फोन सुरू, "गाडी कुठं लावू?" माझ्या डोक्यावर लाव, असं अगदी तोंडावर येतं. पण चौकापलीकडं लावा आणि चालत या, एवढंच सांगतो.

पूर्वी ही नुसती गल्ली होती. समोरचा दुकानदार बसल्या जागेवरून सुपारी फेकायचा आणि अप्पा, म्हणजे माझे वडील, बसल्या जागीच झेलायचे. आमचं लुगड्यांचं दुकान. पायरीशी चपला काढून वर आलं की पांढरी गादी आणि गादीवर अप्पा. त्याच गादीवर, एका बाईला लुगडं उलगडून दाखवता दाखवता ते कलंडले आणि गेले.

पुढं रस्ता रुंद झाला. पायरी गेली, गादीची जागा रस्त्याखाली गेली, मागचं दुकान तेवढं राहिलं. जुन्या गिऱ्हाईक बायका अजून भर रस्त्यात चपला काढतात आणि अनवाणी आत येतात. लोक हसतात. मला काही हसू येत नाही, भीती वाटते. दुपारी सामसूम असली की बाहेर कुणीतरी लुगडं झटकल्याचा आवाज येतो आणि मी "आलो, अप्पा" म्हणत उठतो.

आई तर रस्ता रुंद झाल्यापासून दुकानाकडं फिरकलीच नव्हती. "त्यांच्या अंगावरनं गाड्या जात्यात. मी काय बघू?" म्हणायची. पण माझ्या लेकीच्या लग्नाचा शालू तिनं दुकानात येऊन आपल्या हातानं निवडावा, एवढी एकच माझी इच्छा. यंदा म्हटलं, "आई, दोरी बांधलीय की. एकपण गाडी नाही." तेव्हा कुठं निघाली.

भर रस्त्यात तिनं चपला काढल्या. कुणी दाखवलं नव्हतं, तरी बरोब्बर पायरीच्या जागी. थोडी पुढं आली, पदरानं डांबर पुसलं आणि खाली बसली. माणसं वळसा घालून जाऊ लागली.

"अगं, शालू निवडायचाय ना?"

"हितंच आन की. त्यांनी पण बघू दे."

काय करणार! शालू आणून रस्त्यावरच उलगडले. तिनं सगळे चाचपले आणि हिरवा निवडला. लई खूश होती.

तेवढ्यात शिट्टी वाजली. दोरी सुटायची वेळ झाली होती. पोलीस म्हणाला, "आजी उठा, गाड्या सोडायच्यात."

मी तिच्या काखेत हात घातला. शालू छातीशी धरून ती माझ्याकडं बघत राहिली.

"मला उठिवशील रे," ती म्हणाली. "त्यास्नी कोण उठिवणार?"