चौदा-तेरा

२०१५ला फौजेतून निवृत्त झालो आणि तलासरीच्या एका कारखान्याच्या गेटवर पोस्टिंग मिळालं. बायको त्याला वॉचमनची नोकरी म्हणते. रँक हवालदार, मेडिकल कॅटेगरी लो, डावा गुडघा निकामी. लोकांना वाटतं गोळी लागली. मी लंगरच्या, म्हणजे फौजी स्वयंपाकघराच्या, पायरीवरून डाळीच्या पातेल्यासकट घसरलो होतो. शत्रू शंभर मैल लांब होता.

खरा जखमी गेटवरचा माझा जोडीदार, तोही फौजेतला, नायक लखमा. तलासरीकडचाच. छातीत बॉम्बचा स्प्लिंटर शिरून एक फुफ्फुस अर्धं गेलेलं.

शुक्रवारी सुट्टी. धडधाकट माणूस सुट्टीत बाजारात जातो, लग्नाला जातो. आम्ही सहा दिवस उभं राहिल्याचं निस्तरायचो. मी डहाणूजवळ मसोलीच्या घरी मिठाच्या पाण्याने गुडघा शेकत, तो त्याच्या घरी भिंतीला टेकून. दुखणं जरा बसायचं, तोवर सुट्टी संपायची.

एका शुक्रवारी लखमा एसटीने माझ्या दारात. "उस्ताद, फौजेत साडेचारला गेम्स परेड असायची. ती कोणी कॅन्सल केली?"

१६३० वाजता डहाणूजवळ आगरच्या किनाऱ्यावर फॉल-इन. कारखान्यातला, कंबरेला पट्टा बांधणारा एक वेल्डर आणि डायबेटिसवाला एक ड्रायव्हरही आले. उभं राहून खेळणं कुणालाच जमेना, म्हणून वाळूत बसून व्हॉलीबॉल. नेट म्हणजे कोळ्यांचं फाटकं जाळं, बसल्या माणसाच्या छातीइतकं उंच. पंधरा पॉइंटांचा गेम. शुक्रवार आमचा झाला.

फौजी माणूस दुखणं लपवतो. कॅटेगरी उतरली की प्रमोशन अडकतं, म्हणून डॉक्टरसमोर कायम ठणठणीत. पेन्शन आली तरी खोड जात नाही.

२०१७च्या हिवाळ्यात स्कोअर चौदा-तेरा होता, सर्व्हिस लखमाची. त्याने बॉल उचलला आणि तसाच मांडीवर ठेवला. ओठ काळे पडलेले.

"लखमा, रिपोर्ट."

"ऑल ओके, उस्ताद."

गुडघ्याबद्दल मी याच आवाजात खोटं बोलतो. म्हणून ओळखलं. गेम थांबवला, रिक्षावाल्याला फोन केला.

"आगर, सुरूच्या झाडांखाली. एक कॅज्युअल्टी. लगेच ये. ओव्हर."

"ओव्हर काय, काका? येतो ना."

पंचवीस मिनिटांत डहाणूला दवाखान्यात. ऑक्सिजन लागला. डोळे उघडल्यावर लखमा पहिलं वाक्य बोलला, "माझी सर्व्हिस बाकी आहे." मग डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. सहा महिन्यांचा त्रास होता. त्याचं ऐकून मीही पँट वर करून गुडघा दाखवला. आज मी जिना चढतो तो त्यामुळे.

खेळायला त्याला मनाई झाली. पुढची दोन वर्षं तो सुरूखाली बसून स्कोअर ठेवायचा आणि माझ्या प्रत्येक फटक्याला हसायचा. एवढ्या शुक्रवारांबद्दल कुणाचे आभार मानायचे ते कळत नाही, म्हणून त्याचेच मानतो.

२०१९च्या पावसाळ्यात नायक लखमा घरी, झोपेत गेला.

परेड चालू आहे. १६३०, आगर. पण आमचा गेम आता चौदाला थांबतो. पुढची सर्व्हिस लखमाची आहे.