मी तिच्या घोट्याला पाय लावला

प्रिय नातवंडांनो,

गेल्या रविवारी धाकट्याने फुटबॉल खेळताना मुरगळलेला पाय फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरला आणि म्हणाला, "आजी, तू पायाळू आहेस ना? मग लाव तुझा पाय स्क्रीनला!" तुम्ही सगळे हसलात. मी कुकरची शिट्टी होतेय असं सांगून फोन ठेवला. कुकर लावलेलाच नव्हता. आजी रागावली का, असं तुम्ही नंतर बाबांना विचारलंत म्हणे. मी रागावले नव्हते. पण त्याआधी धाकटा असंही म्हणाला होता की सूज उतरली की येत्या शनिवारी तो सामना खेळणार आहे. म्हणून आज सकाळची कामं आटोपून लगेच लिहायला बसले. जिथे मराठी अडेल तिथे आईकडून वाचून घ्या.

जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात, तो पायाळू. मी तशी जन्मले. आमच्या केज तालुक्यात अशा माणसाने दुखऱ्या जागी डावा पाय तीनदा टेकवला की लचक, उसण निघून जाते असं मानतात. मी सहा-सात वर्षांची असल्यापासून कंबर धरलेली मोठमोठी माणसं आमच्या ओसरीवर पालथी पडायची आणि आई मला हाताला धरून त्यांच्या पाठीवर पाय ठेवायला लावायची. पुढे मी औरंगाबादला शिकले, इंग्रजीची शिक्षिका झाले, लग्न होऊन याच तालुक्यात राहिले. पाय लावून स्नायू सुधारत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी नांदूरघाटच्या बाजारातून परतताना कोणी कण्हत दारात आलंच, तर मी चप्पल काढून पाय लावत असे. चहा विचारावा तसं ते होऊन गेलं होतं. नुकसान तर काही नाही ना, असं मी स्वतःला सांगायची.

तुमची आतेबहीण पाचवीपासून माझ्याजवळ राहिली, हे तुम्हाला माहीत आहे. तिचे आईवडील पुण्यात नोकरीला. तिला मात्र इथलं मैदान सोडवेना. ती खो-खो खेळायची. पळणारी म्हणून फार चपळ, खांबाला अगदी घासून वळायची, पाठलाग करणारीचा हात हवेतच राहायचा. ती बारावीत होती, त्या वर्षी तिच्या वयोगटातली शेवटची संधी होती. जिल्ह्याच्या संघात निवड झाली असती, तर खेळाडू म्हणून शहरातल्या कॉलेजात वसतिगृहासकट जागा मिळणार होती. तिने माझ्या कपाटातली एक बॅग आधीच मागून ठेवली होती.

निवड चाचणीला सहा दिवस उरले होते. संध्याकाळच्या सरावात खांबापाशी वळताना तिचा डावा पाय मुरमावरून घसरला आणि आत दुमडला. दोन मैत्रिणींनी तिला स्कूटीवर मध्ये बसवून आणलं. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला लिंबाएवढी सूज होती.

त्या संध्याकाळी मी सगळं नीट केलं. चोळू दिलं नाही, शेकू दिलं नाही. बर्फ फडक्यात गुंडाळून थोडा थोडा वेळ धरला, पाय दोन उशांवर ठेवला, बोटांकडून वर क्रेप बँडेज बांधलं. दुसऱ्या दिवशी तालुक्याला डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रे झाला, हाड शाबूत होतं. "पण अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, अर्धवट फाटलाय," डॉक्टर म्हणाले. "तीन आठवडे पळायचं नाही. सूज उतरली म्हणजे आतलं भरलं असं नसतं." तिने खाली मान घालून ऐकलं.

चाचणीच्या आदल्या दिवशी सूज बरीच उतरली होती, पण ती लंगडत होती. दुपारी माझी धाकटी जाऊ आली. तिच्या तोंडाला कधीच कुलूप नव्हतं.

"आक्का, घरात तुमी पायाळू, आन पोरीला गोळ्या कावून चारताव?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"डाक्टरचं ऱ्हाऊ द्या. माझ्या भावाची उसण तुमीच काढली ना? त्यो बैलावानी उठून गेलता."

पोर कॉटवरून ऐकत होती. जाऊ गेल्यावर म्हणाली, "आजी, लाव ना. नुसता लाव."

"त्यानं काही होत नसतं गं."

"मग गावाला कावून लावतेस? आल्यागेल्याला लावतेस, मलाच न्हाई."

ती रडायला लागली, आवाज न करता, भिंतीकडे तोंड करून. मी चप्पल काढली. बँडेज सोडलं आणि डाव्या पायाचा अंगठा तिच्या घोट्यावर तीनदा हलकेच टेकवला.

तिने डोळे मिटले होते. कपाळावरची आठी गेलेली मी पाहिली. मग ती उठली आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न लंगडता चालली.

"गेलं, आजी! लई हलकं वाटतंय."

विश्वासाने दुखणं काही वेळ मागे सरतं, जखम मात्र जागेवरच असते, हे मला तेव्हाही समजत होतं. मी एवढंच म्हणाले, "तरी उद्या खेळायचं नाही." माझ्या पायाने तिला जे सांगून झालं होतं, ते या वाक्याने पुसलं जाणार नव्हतं.

सकाळी ती मैत्रिणींचा खेळ बघायला जाते म्हणून गेली. बँडेज न्हाणीघरातल्या खुंटीवर होतं. ते दिसलं तेव्हाच मी रिक्षा बोलावून मैदानावर जायला हवं होतं. मी ते धुऊन वाळत घातलं.

दुपारी तिच्या खो-खोच्या सरांचा फोन आला. दुसऱ्या डावात, खांबापाशीच, तोच पाय पुन्हा दुमडला होता. पाठीच्या दुखण्यासाठी ते सर स्वतः दोनदा माझ्याकडे येऊन गेले होते. "बाई, तुमी पाय लावलाय म्हणली, म्हणून म्या उतरवली तिला. न्हाईतर उतरवली नसती." त्यात मला दोष देणं नव्हतं. म्हणूनच ते वाक्य मला विसरता येत नाही.

या वेळी बाहेरच्या बाजूचे दोन्ही अस्थिबंध पूर्ण तुटले होते. सहा आठवडे प्लास्टर, मग कुबड्या, मग बीडला फिजिओथेरपी. धाकट्या, हे नीट वाच. प्लास्टर निघाल्यावर पोटरी काठीसारखी झाली होती. पायाच्या बोटांनी हवेत बाराखडी गिरवायची, जमिनीवरचा टॉवेल बोटांनी ओढायचा, टाचा उचलायच्या, आणि शेवटी एका पायावर उभं राहायचं, आधी दाराला धरून, मग न धरता. घोट्याला आपण कुठे आहोत हे पुन्हा शिकावं लागतं, असं तिथल्या बाई म्हणाल्या. नुसती सूज उतरून ते शिक्षण होत नाही. तू शनिवारी खेळू नकोस. एका पायावर डोळे मिटून दुसऱ्याइतकंच स्थिर उभं राहता येईपर्यंत आणि तुझे डॉक्टर हो म्हणेपर्यंत मैदानावर जाऊ नकोस.

मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर व्यायामाचा तक्ता लावला. ती रोज खूण करायची, एकही दिवस चुकली नाही. पण बँडेज बांधायला मी हात पुढे केला की पाय मागे घ्यायची. "मी बांधते," एवढंच. मी म्हणायची, "तुझी काय चूक?" तीही मला तेच म्हणायची, "तुझी काय चूक?" आणि दोघी आपापल्या कामाला लागायचो.

एकदा दाराला धरून एका पायावर उभी असताना तिने विचारलं, "आजी, त्यानं काही होत नसतं हे तुला म्हाईत होतं ना?"

"होतं."

"मग?"

"तू रडत होतीस."

"रडू द्यायचं होतंस," ती म्हणाली, आणि पाय बदलला.

चाचणी दुसऱ्यांदा होत नाही. वयाची मर्यादा उलटली, ती जागा दुसऱ्या मुलीला मिळाली आणि बॅग कपाटात परत आली. आता ती युसूफ वडगावच्या पुढे एका शाळेत मुलींना खो-खो शिकवते. कोणाचा पाय मुरगळला की तिला लगेच बाहेर बसवते, मग पालकांनी कितीही भांडू दे. माझ्याकडे अजून लोक येतात. मी त्यांना फ्रिजमधला बर्फ देते आणि डॉक्टरकडे पाठवते. ते नाराज होऊन जातात. जाऊ म्हणते, आक्काला शिक्षणाचा माज चढला.

ती दर रविवारी जेवायला येते. तिचा डावा घोटा उजव्यापेक्षा अजून जाड आहे. थंडीत तो दुखतो हे मला तिच्या चालीवरून कळतं. ती अजून मला सांगत नाही.