कोठीचं देणं

लिहिण्यात चुका असतील, अक्षरही वेडंवाकडं आहे, त्याची माफी. शाळा चौथीपर्यंतच झाली. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी माफी मागून टाकते.

आई संस्थानातल्या एका जुन्या सरदारांच्या कोठीत पोळ्या करायची. माझ्या लग्नाला तिनं तिथल्या बाईसाहेबांकडून पैसे उसने घेतले. पगारातून बरेच फेडले, दोन हजार राहिले. मग बाईसाहेब वारल्या, मुलं कोठी विकून परदेशी गेली आणि कोठी पाडली. पैसे द्यायला कुणी उरलंच नाही. "ऋण घेऊन मेले तर पुढच्या जन्मी त्यांच्या दारी बैल होऊन फेडावं लागेल," आई म्हणायची. यंदा तिचं अन्न तुटलं आणि तिनं हट्टच धरला, मला तिथे ने.

"दार कुठे राहिलंय, आई?"

"जागा तर असेल ना!"

आमच्या मल्हारगंजातून रिक्षा केली. तिथे आता उंच इमारती झाल्या आहेत. आई भिंतीला हात लावत चालली. फाटकाचा एक दगडी खांब सापडला, त्यावर कोचिंगच्या जाहिराती चिकटवलेल्या. बाग कुठे होती, स्वयंपाकघर कुठे, काही कळेना. मला लाजेनं कुणाला विचारवेना. शेवटी आईनंच चौकीदाराला हाक मारली, "भिया, इथली विहीर कुठे गेली?"

"वो तो पार्किंग के नीचे दब गई, माँजी. गाड़ियाँ हटवाऊँ क्या?"

आई खांबापाशी खाली बसली. "इथेही कुणी नाही घ्यायला," म्हणाली. मला तिच्या तोंडाकडे बघवेना.

तेवढ्यात कबुतरं उतरली. बाईसाहेब रोज फाटकाबाहेर ज्वारी टाकायच्या. कोठी गेली तरी थवा त्याच जागी येतो, आणि आता एक बाई तिथे दाणे विकत बसते. आईनं कमरेची पिशवी सोडून सगळ्या नोटा तिच्यापुढे धरल्या.

"इत्ते के? कबूतरों की शादी है क्या, अम्मा?"

"शादी कसली गं. देणं आहे त्यांच्या मालकिणीचं."

बाईनं पोतं आमच्याकडे सरकवलं. मी ओंजळ भरून द्यायची, आई टाकायची. लवकरच तिचा हात दुखायला लागला. उरलेली ज्वारी मी रोज थोडी टाकीन, असं ती दाणेवाली बाई म्हणाली. टाकेल की पुन्हा विकेल, मला माहीत नाही. आईनं रिकामी पिशवी उलटी करून झटकली.

"सगळे फिटले," म्हणाली.